सीलबाख कॉकटेल

बर्बन (मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की) आणि शँपेन एकत्र करून बनवले जाणारे अमेरिकी कॉकटेल. अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात लुई आणि ऑटो सीलबाख या बव्हेरियातून आलेल्या भावांनी १९०५ साली उघडलेल्या हॉटेलवरून त्याचे नाव पडले.

हे पेय १९१७ च्या सुमारास हॉटेलात दिले जाई, दारूबंदीच्या काळात त्याची कृती विस्मरणात गेली आणि १९९५ मध्ये ती पुन्हा हाती लागली, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. एका बारटेंडरच्या हातून शँपेन चुकून मॅनहॅटन या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये सांडली आणि त्यातून हे पेय जन्मले, अशी जोडकथाही होती. मात्र हॉटेलात काम केलेल्या अ‍ॅडम सेगर यांनीच २०१६ मध्ये कबूल केले की कृती त्यांनी स्वतः १९९५ मध्ये रचली आणि तो जुना इतिहासही त्यांनीच रचलेला. म्हणजे ‘ऐतिहासिक’ हे विशेषण खोटे ठरले. पेय मात्र टिकले, कारण त्याची प्रमाणे खरोखर विचारपूर्वक बसवलेली आहेत.

मूळ कृतीत बर्बन ३० मिली, क्वांत्रो (संत्र्याच्या चवीचे गोड मद्य) १५ मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे ७ डॅश, पेशोड्स बिटर्सचे ७ डॅश आणि थंड शँपेन सुमारे १५० मिली लागते. बिटर्स म्हणजे थेंबाथेंबाने वापरायचे कडू, मसालेदार अर्क. डॅश म्हणजे बाटली उलटी धरून एकदा झटकल्यावर पडणारी मात्रा. ती साधारण पाऊण मिली असते, पण बाटलीनुसार आणि हातानुसार बदलते. म्हणून घरी प्रत्येक बिटर्स सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, मोजून घेणे अधिक खात्रीचे. एरवी कॉकटेलमध्ये बिटर्सचे दोन-तीन डॅश पुरतात. इथे चौदा पाहून अनेकजण ते कमी करतात, आणि पेय बिघडते ते तिथेच. दालचिनी-लवंगेकडे झुकणारा अँगोस्टुराचा कडवटपणा आणि पेशोड्सची बडीशेपेसारखी चव नसेल, तर क्वांत्रोची साखर उघडी पडते आणि उरते ती नुसती गोड, संत्र्याच्या चवीची शँपेन.

बनवताना बर्फ वापरत नाहीत, त्यामुळे सगळे आधीच थंड हवे. शँपेन ६ ते ८ अंश सेल्सिअसला आणावी. बर्बन, क्वांत्रो आणि ग्लास अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत. बर्बन, क्वांत्रो व दोन्ही बिटर्स उंच, अरुंद फ्लूट ग्लासात घालून ढवळावे. ग्लास तिरपा धरून शँपेन कडेने, दोन टप्प्यांत ओतावी. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलावा. गोल गोल ढवळले की वायू निघून जातो, आणि अजिबात हलवले नाही तर जड, गोड थर तळाशी बसून पहिला घोट फिका व शेवटचा कडू लागतो.

प्रमाण मोजले की आणखी एक अडचण दिसते. सगळे मिळून २०५ मिली होते, आणि घरातले बरेच फ्लूट १८० ते २०० मिलीचेच असतात. अशा ग्लासात शँपेन १२० मिली किंवा त्याहूनही थोडी कमी घ्यावी; बाकीचे बदलू नये. फेस अनावर होत असेल तर शँपेन पुरेशी थंड नसते, किंवा ग्लास पुसताना कापडाचे तंतू आत चिकटलेले असतात. बुडबुडे त्या तंतूंवरच धरतात. ग्लास धुऊन उपडा ठेवावा, आतून पुसू नये.

महाराष्ट्रात शँपेनऐवजी नाशिकची ब्रूट, म्हणजे अगदी कमी साखरेची स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन चांगली चालते. दिंडोरी परिसरातील शांदों आणि नाशिकजवळची सुला या वाइनरींच्या ब्रूटमध्ये दुसरे आंबवणे बाटलीतच होते, म्हणून बुडबुडे बारीक आणि चिवट असतात. गोड स्पार्कलिंग मात्र टाळावी. पेशोड्स सहज मिळत नाही. अशा वेळी अँगोस्टुराचे चौदा डॅश घालू नयेत, मसालाच पुढे येतो. त्याचे आठ-नऊ डॅश आणि पास्तिस या बडीशेपेसारख्या चवीच्या फ्रेंच मद्याचे दोन-तीन थेंब पुरतात. शेवटी पेयावर संत्र्याची साल पिळतात. त्यासाठी नागपुरी संत्र्याची सैल, पातळ साल गैरसोयीची: ती पिळताना फाटते आणि तिचा वासही वेगळा. जाड सालीचे माल्टा संत्रे घ्यावे. पांढरा भाग न येऊ देता सालीची बोटभर पट्टी काढावी, रंगीत बाजू पेयाकडे करून दुमडावी. पृष्ठभागावर तेलाचे बारीक ठिपके पसरलेले दिसले की काम झाले.

हे पेय शँपेनसारखे हलके समजून पिऊ नये. त्याची तीव्रता सुमारे २० टक्के भरते, म्हणजे एका ग्लासात साधारण व्हिस्कीच्या ३० मिलीच्या तीन पेगांइतके मद्य असते. बुडबुड्यांमुळे ते भराभर पोटात जाते, त्यामुळे एका पाहुण्याला एकच ग्लास धरून बेत करावा. ७५० मिलीच्या बाटलीतून असे पाच ग्लास निघतात, १२० मिलीच्या प्रमाणाने सहा.