घात मूळ असला म्हणून संख्या मूळ ठरत नाही
२ चा एखाद्या मूळ संख्येइतका घात घ्या, त्यातून १ वजा करा, की हटकून मूळ संख्याच मिळते, असा जुना समज आहे. तो चुकीचा आहे. २, ३, ५, ७ या घातांना ३, ७, ३१, १२७ मिळतात. चारही मूळ, आणि इथेच माणूस फसतो. पुढचा घात ११ घ्या: २०४७, म्हणजे २३ × ८९!

घात ६७ ची संख्या तर फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवली होती. ती मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने १८७६ मध्ये सिद्ध केलं, तेही एकही अवयव न शोधता. मला हे फार सुंदर वाटतं. अवयव अमेरिकन गणितज्ञ कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

उलट विधान मात्र खरं आहे. अशी संख्या मूळ असेल, तर घात मूळ असावाच लागतो. घात ६ घेतला तर ६३ येतात, आणि त्यांना ३ व ७ या दोघांनी भाग जातो.