पार्श्वभूमी : बाळ यायच्या आधीच नाव

सातवा-आठवा महिना लागला की हल्ली घरात नावांच्या दोन याद्या फिरायला लागतात, एक मुलाची, एक मुलीची. दोन्ही लागतात, कारण पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. नावं मोबाइलवर शोधलेली असतात. पुढे अर्थही लिहिलेला असतो, फक्त तो कोणत्या कोशात सापडला हे विचारायची सोय नसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्या माणसांना या याद्यांचं नवल वाटतं, ते नावं नव्या धर्तीची आहेत म्हणून नव्हे. नाव आधी ठरवायचं, हेच त्यांना नवीन. बाळ हाती येईपर्यंत त्याच्या नावाचा विषय काढू नये, पाळणासुद्धा आणून ठेवू नये, असं आमच्या आजीचं म्हणणं होतं.

शास्त्रानेही नामकरण दहाव्या किंवा बाराव्या दिवसावर टाकलं होतं. मुलाच्या नावाची अक्षरं सम आणि मुलीच्या नावाची विषम असावीत, असले नियम गृह्यसूत्रांत आहेत. गावातल्या किती घरांनी ती अक्षरं मोजली असतील देव जाणे. गावाची रीत सोपी होती, थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे पोटच्या पोराला हाक मारायची पंचाईत. त्यातून आबा, दाजी, भाई, बाळा, बाबल निघाले. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या एका मुलाचं ठेवलेलं नाव केशव होतं. ते बाजूला पडलं, घरचं 'बाळ' तेवढं उरलं आणि पुढे सगळ्या देशाने तेच घेतलं.

धोंडू, दगडू, केरू, भिकाजी या नावांबद्दल हल्ली फार हौसेने बोललं जातं. मागची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही. भिकाजी म्हणजे देवाकडे भीक मागून मिळालेला. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी कर्वेही धोंडोच. पण ही अर्धी गोष्ट झाली. वरच्या आळीतला धोंडो मोठेपणी धोंडोपंत व्हायचा. महारवाड्यातला धोंड्या म्हातारा झाला तरी धोंड्याच. १९५६ च्या धर्मांतरानंतर कोकणातल्या बौद्धवाड्यांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, यशोधरा, संघमित्रा ही नावं आली. अर्थ बघून, इतिहास बघून, ठरवून ठेवलेली. ज्याला आज शहरी खूळ म्हणतात ते गावात आधी तिथे सुरू झालं असं मला वाटतं, आणि त्याचं श्रेय कोणी देत नाही.

घरोघरी खरी भांडणं मात्र एका शब्दावरून होतात. तो शब्द नावरस. लग्नाच्या बायोडाटात 'नावरस नाव' असा रकाना असतो. नाव अधिक रास, तेच नावरस, असं धरलं तर 'नावरस नाव'मध्ये नाव दोनदा आलं. ते असो. या शब्दाचे तीन अर्थ चालतात. भटजींचा अर्थ असा, की जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल, त्या चरणाच्या अक्षरावरून येणारं नाव. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं मांडलेली असतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. मघेला मा, मी, मू, मे. दुसरा अर्थ बरोबर उलटा. ज्याची जन्मवेळ कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या हाकेच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, त्यावरून रास काढायची आणि पत्रिका जुळवायची. म्हणजे एकीकडे राशीवरून नाव, दुसरीकडे नावावरून रास. तिसरा अर्थ बायकांच्या बोलण्यातला, पाळण्यात कानात सांगितलेलं आणि नंतर कोणी न वापरलेलं नाव. सोयरिकीच्या बैठकीत एक घर पहिल्या अर्थाने बोलतं, दुसरं तिसऱ्या अर्थाने, आणि छत्तीसपैकी गुण मात्र अगदी नेमके मोजून मिळतात.

पहिलाच अर्थ खरा धरला, तरी तो निभावणं कठीण होतं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण जेमतेम सहा तासांचा. बाळंतपण घरी, सुईणीच्या हाती, कंदिलाच्या उजेडात. वेळ सांगितली जायची ती 'कोंबडा आरवायच्या आधी', 'भरती लागली तेव्हा', 'पहिली एसटी गेली त्यावर'. चरण बदलायच्या सुमाराला जन्म झाला असेल तर अर्ध्या तासाच्या फरकाने 'चो'चा 'ला' होतो. शिवाय चक्रात अशी अक्षरं आहेत ज्यांवरून नाव निघतच नाही. आर्द्रेचा तिसरा चरण ङ, हस्ताचा तिसरा ण, उत्तराभाद्रपदेचा चौथा ञ. तिथे जवळचं दुसरं अक्षर घेऊन वेळ भागवतात. एवढं सगळं माहीत असूनही 'अक्षर जुळत नाही' म्हणून आवडलेलं नाव टाकून देणारी घरं मी पाहिली आहेत. मला तो आईबापांवर अन्याय वाटतो.

याद्या करणाऱ्यांची गोची इथेच आहे. अक्षर जन्मानंतर कळणार आणि नाव आधीच ठरलेलं. गुहागरकडच्या एका घरात मुलगी झाली तर 'अन्वी' असं ठरलं होतं. मुलगी झाली, हस्त नक्षत्र, चौथा चरण, अक्षर ठ. आजोबांनी 'ठमा' सुचवलं आणि दुपारच्या चहाला मुकले. शेवटी पत्रिकेत ठकू आणि घरात अन्वी.

पूर्वी नाव दोन ठिकाणांहून यायचं. बाप मुंबईला गिरणीत, आई गावी. बाराव्या दिवशी आत्याने कानात एक नाव सांगितलेलं असायचं, आणि त्यानंतर चार दिवसांनी पोस्टकार्ड यायचं, 'मुलाचे नाव रमाकांत ठेवावे'. मग घरात एक, पत्रांत दुसरं, आणि वाडीत बाबलो. १९८२ च्या संपापर्यंत हे राजरोस चाललं. निकाल लागायचा तो शाळेत. मास्तर विचारायचे, पोराबरोबर आलेला चुलता जे सांगेल ते रजिस्टरात चढायचं, आणि जन्मतारीख आठवत नसेल तर १ जून. त्या पिढीत एकाच वाडीत पाचसहा जणांचा वाढदिवस १ जूनला असतो. पुढे नोकरीसाठी कागद जुळेनात, तेव्हा राजपत्रात नाव बदलाच्या जाहिराती द्यायची पाळी आली.

जन्मनोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. जन्म २१ दिवसांत कळवायचा, पण नाव न लिहिताही नोंद होते. नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. ही सवलत कोकणाला सोयीची होती, कारण पहिलं बाळंतपण माहेरी आणि नोंद जन्म झाला तिथली. सासर देवगडला, जन्म चिपळूणला, तर नाव घालायला चिपळूणच गाठायचं. 'पुढच्या मे महिन्यात जाऊ' म्हणत म्हणत पोरगं बालवाडीत जायचं. आता तसं जमत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणून दवाखान्यातून घरी यायच्या आधी नाव तयार हवं असतं. याद्यांमागे हौस आहेच, पण हे कारणही आहे.

त्यात भर पडली १ मे २०२४ ची. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, या क्रमाने लिहायचं. निर्णय चांगलाच आहे, उशिरा झाला एवढंच. पण लग्नात तांदळात नाव लिहून सुनेचं नाव बदलायची रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. ओळखीतल्या एका मुलीला श्रावणात दिवस भरतील. तिच्या आधारकार्डावर माहेरचं नाव आहे, रेशनकार्डावर सासरचं, आणि सासूबाई तिला तिसऱ्याच नावाने हाक मारतात. बाळाची दोन्ही नावं कधीच ठरली आहेत. आईचं कोणतं लिहायचं, यावर परवा पुन्हा बैठक बसणार आहे.