सप्रेसर टी पेशी आणि टी-रेग: दोन्ही एकच नव्हेत

२०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रन्काव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना रेग्युलेटरी टी पेशींसाठी, म्हणजे टी-रेगसाठी मिळालं. (टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी.) जुन्या पुस्तकांतल्या सप्रेसर टी पेशी त्या याच, असं वाटणं साहजिक आहे. कामही तेच: प्रतिकारशक्तीला आवर घालणं. पण पुराव्यांत फार अंतर आहे.

सप्रेसर पेशींची गोष्ट येल विद्यापीठातली. रिचर्ड गेर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी १९७०-७१ मध्ये उंदरांना मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी भरपूर टोचल्या. थायमसमधल्या (टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीतल्या) पेशी मिळालेले उंदीर त्यांना सरावले, म्हणजे त्यांच्याविरुद्ध प्रतिसाद देईनासे झाले. त्यांच्या प्लीहेतल्या पेशी दुसऱ्या उंदरांना दिल्या, तर तिथलाही प्रतिसाद दबला. हे निरीक्षण मोलाचंच होतं. घोटाळा पुढे झाला. या पेशी आज ज्यांना पृष्ठभागावरच्या रेणूवरून सीडी८ म्हणतात त्या गटातल्या मानल्या गेल्या, त्यांची खूण ‘आय-जे’ ठरली आणि तिचा जीन उंदराच्या १७ व्या गुणसूत्रावर असल्याचं सांगितलं गेलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डीएनए तपासला, तर त्या जीनला जागाच नव्हती! सगळ्या विषयावरचाच विश्वास उडाला. मला हे अन्यायाचं वाटतं. खूण खोटी निघाली, म्हणून दबलेला प्रतिसाद खोटा ठरत नाही.

टी-रेगचा माग उलट्या बाजूने लागला. पेशी घालून काय दबतं, यापेक्षा त्या काढून घेतल्यावर काय बिघडतं, हे पाहिलं गेलं. जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढला, तर उंदरीणीचं बीजाशय नष्ट होतं. साकागुचींनी १९९५ मध्ये पृष्ठभागावर सीडी२५ हा रेणू असलेल्या पेशी वगळून उरलेल्या टी पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. थायरॉइड, जठर अशा अवयवांवर शरीराचाच हल्ला झाला. वगळलेल्यांपैकी सीडी४ आणि सीडी२५ हे दोन्ही रेणू असलेल्या पेशी वेळेत परत दिल्यावर तो टळला.

टी-रेगमागचा जीनही सापडला. ‘स्कर्फी’ जातीचे नर उंदीर जेमतेम महिनाभर जगतात. त्यांच्यात एक्स गुणसूत्रावरचा फॉक्सपी३ हा जीन बिघडलेला असतो, हे ब्रन्काव-रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये दाखवलं. माणसांतला आयपेक्स हा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा गंभीर आजारही त्याच जीनच्या बिघाडाने होतो.

टी-रेग इतर टी पेशींना वाढीसाठी लागणारं आयएल-२ हे प्रथिन स्वतःच शोषून घेतात आणि आपल्यावरच्या सीटीएलए-४ या प्रथिनाच्या जोरावर प्रतिजन (परका अंश) टी पेशींना दाखवणाऱ्या पेशींवरचे, टी पेशींना चेतवणारे सीडी८०, सीडी८६ हे रेणू ओढून काढतात. २००३ मध्ये साध्या सीडी४ पेशींत फॉक्सपी३ घातला, तेव्हा त्याही इतरांना आवरू लागल्या. ‘आय-जे’ला अशी कसोटी कधीच देता आली नव्हती.