वॅटच्या आधी ओहम: बास ॲम्प आणि कॅबिनेट यांची जोडी

बास गिटारसाठी ॲम्प निवडताना नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते. ॲम्पची कॅबिनेटशी, म्हणजे स्पीकरच्या पेटीशी, जोडी जमणार की नाही हे मात्र मागच्या पॅनेलवर बारीक अक्षरांत छापलेला ओहमचा, म्हणजे विद्युतरोधाचा, आकडा ठरवतो.

ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्पवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेले असेल, तर स्पीकरचा एकूण रोध त्याखाली जाता कामा नये. वर गेला तर चालतो. ४ ओहमला ५०० वॅट देणारा ॲम्प सुमारे ४५ व्होल्ट पुरवत असतो. तेच ४५ व्होल्ट ८ ओहमच्या कॅबिनेटला मिळाले की हिशेबाने २५० वॅट निघतात. प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण भार हलका झाल्यावर पॉवर सप्लाय कमी दबतो. निम्मे वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबलची घट. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नाही.

खरी गडबड दुसरे कॅबिनेट जोडताना होते. ॲम्पमधून पहिल्या कॅबिनेटमध्ये आणि तिथून दुसऱ्यात केबल नेली, की डोळ्यांना ती एकसर जोडणी वाटते. पण कॅबिनेटमागचे दोन जॅक जवळजवळ नेहमीच आतून समांतर जोडलेले असतात. म्हणून ८ आणि ८ मिळून ४ ओहम होतात, ८ आणि ४ मिळून २.७, तर ४ आणि ४ मिळून २. वरच्या ॲम्पला ४ ओहमवर ११ अँपिअर द्यावे लागतात, २ ओहमवर २२. संरक्षक सर्किट असेल तर तो बंद पडतो, नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. घरी हळू आवाजात हेच सगळे बिनबोभाट चालते, आणि तिथेच फसगत होते.

कॅबिनेटवरचा ओहमचा आकडा पुसला गेला असेल, तर ते ॲम्पपासून सोडवून मल्टिमीटर लावा. साधारण ५.५ ते ६.५ आले तर ८ ओहमचे, ३ ते ३.५ आले तर ४ ओहमचे. छापलेला आकडा संगीताच्या बदलत्या प्रवाहासाठीचा असतो, मीटर मात्र फक्त तारेचा डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाचा) रोध मोजतो, म्हणून आकडा कमी दिसतो.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, ॲम्पला हे नियम लावू नका. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचा स्विच कॅबिनेटच्या एकूण ओहमवरच ठेवायचा. कॅबिनेट न जोडता असा ॲम्प वाजवला, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून ठिणगी पडू शकते. आधी केबल, मग वीज.

आता वॅट. कॅबिनेटवर छापलेला वॅटचा आकडा बहुधा व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) किती उष्णता सोसेल एवढेच सांगतो. बासमध्ये त्याआधी पडद्याच्या हालचालीची मर्यादा संपते. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बासची बी तार ३१ हर्ट्झची. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून ५०० वॅटचे कॅबिनेटही २०० वॅटवर फडफडू शकते. अशा वेळी बासचे बटण मागे घ्या, किंवा ३५ हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर कापणारा) लावा. जास्त वॅटपेक्षा जास्त पडदे उपयोगी पडतात. १९६९ साली आलेल्या ३०० वॅटच्या ॲम्पेग एसव्हीटीसोबत १० इंची आठ स्पीकरची दोन कॅबिनेटे असत, म्हणजे भार सोळा पडद्यांत वाटला जाई.

१५ इंची एका स्पीकरचे आणि १० इंची चार स्पीकरचे कॅबिनेट, दोन्ही ८ ओहमची, एकत्र जोडली तर वॅट निम्मे-निम्मे वाटले जातात. एकट्या १५ इंचीला अर्धा वाटा, प्रत्येक १० इंचीला आठवा. साहजिकच १५ इंची आधी हात टेकतो. एकाच जातीची दोन कॅबिनेटे घेणे बरे.

केबल गिटारची वापरू नका. तिचा गाभा बारीक असतो, तापतो. दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची दोन तारांची स्पीकर केबल आणि शक्यतो स्पीकॉन (स्पीकरसाठीचा, फिरवून अडकणारा) कनेक्टर घ्या. अनेक क्लास-डी ॲम्पमध्ये आउटपुटचे ऋण टोक अर्थला जोडलेले नसते, त्यामुळे जॅकचा उघडा धातू दुसऱ्या उपकरणाच्या पेटीला टेकला तरी शॉर्ट होऊ शकतो. स्पीकॉनमध्ये धातू आतच राहतो.