पॉलियुरेथेन डिस्पर्शन, जलाधारित

पॉलियुरेथेन या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात स्थिर राखलेले कलिल, म्हणजे न बसणाऱ्या कणांचे मिश्रण. कणांचा व्यास साधारणतः ३० ते ३०० नॅनोमीटर आणि घनांश (पाणी वगळून उरणारा भाग) बहुधा ३० ते ४० टक्के असतो. कण बारीक असतील तर द्रव निळसर, अर्धपारदर्शक दिसतो. मोठे असतील तर दुधाळ. लाकडी फरशीचे वार्निश, चामड्याचा अंतिम लेप, कापडावरील थर व पादत्राणांचे चिकटद्रव्य हे त्याचे परिचित उपयोग.

उगम. पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुझेन येथे सिद्ध केले. जलाधारित रूपाचा आरंभ कोठे धरावा, याबाबत मात्र मतभेद आहेत. काही लेखक १९४० च्या दशकातील पाउल श्लाक यांच्या जर्मन पेटंटपर्यंत मागे जातात. त्यात पायसकारकाच्या (न मिसळणारे द्रव पाण्यात विखुरलेले राखणाऱ्या द्रव्याच्या) मदतीने डायआयसोसायनेट (दोन क्रियाशील आयसोसायनेट गट असलेले संयुग) पाण्यात विखरून त्याची डायअमिनाशी विक्रिया केली होती. पण आजच्या बहुतेक डिस्पर्शनांत पायसकारक बाहेरून घालत नाहीत; आयनी (विद्युत्भारित) गट बहुवारिकाच्या शृंखलेतच गुंफलेला असतो. हे तत्त्व साधारणपणे १९६० च्या दशकात डीटर डीटेरिश व सहकाऱ्यांच्या आयनोमरांवरील, म्हणजे आयनी गट असलेल्या बहुवारिकांवरील, कामातून दृढ झाले. त्यामुळे आजच्या पद्धतीची परंपरा तेथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

निर्मिती. ॲसिटोन पद्धतीत शृंखला ॲसिटोनमध्येच पूर्ण वाढवतात, मग पाणी घालून ॲसिटोन ऊर्ध्वपातनाने काढतात. पूर्वबहुवारिक पद्धतीत आयसोसायनेट-अग्र असलेला पूर्वबहुवारिक (अपुरी वाढलेली आखूड शृंखला) पाण्यात विखरून शृंखला तेथे वाढवतात. आयसोफोरोन डायआयसोसायनेटसारख्या पाण्याशी सावकाश विक्रिया करणाऱ्या द्रव्यांना ही दुसरी पद्धत मानवते.

उदाहरणार्थ, २,००० रेणुभाराचे पॉलिटेट्रामिथिलीन ईथर ग्लायकॉल २०० ग्रॅम, आयनी गट पुरवणारे डायमिथिलॉलप्रोपिऑनिक अम्ल १३.४ ग्रॅम आणि आयसोफोरोन डायआयसोसायनेट ६६.७ ग्रॅम घ्यावे. आयसोसायनेट व हायड्रॉक्सिल यांचे प्रमाण १.५ येते. कोरड्या नायट्रोजनखाली ८० ते ८५ अंश सेल्सिअसवर विक्रिया चालवून आयसोसायनेटचे प्रमाण डायब्युटिलअमीन अनुमापनाने तपासत राहावे, ३.० टक्क्यांवर आले की थांबावे. अम्लाचा कार्बॉक्सिल गट अवकाशीय अडथळ्यामुळे या तापमानाला जवळजवळ अलिप्त राहतो. मात्र हे अम्ल उच्च वितळबिंदूचे व अल्पविद्राव्य असल्याने न विरघळलेले स्फटिक शिल्लक राहण्याचा धोका असतो. पूर्वी त्यासाठी एन-मिथिलपायरोलिडोन हे द्रावक वापरत. प्रजननास घातक ठरल्याने ते आता टाळले जाते. दाट मिश्रण थोड्या ॲसिटोनने पातळ करता येते.

नंतर ५० ते ६० अंशांवर ट्रायएथिलअमीन १०.१ ग्रॅम घालून कार्बॉक्सिलचे उदासिनीकरण करावे. जोराने ढवळत सुमारे ५२० ग्रॅम थंड पाणी मिसळावे. यातील थोडे पाणी डायअमिनासाठी राखून ठेवावे. पाण्याचा अंश वाढताना श्यानता (दाटपणा) एकदम चढते व प्रावस्था उलटताच, म्हणजे बहुवारिकातील पाण्याऐवजी पाण्यातील बहुवारिक असे रूप येताच, घसरते. नेमक्या याच टप्प्यावर ढवळणे कमी पडले तर गाठी होतात. लगेच शृंखला वाढवणारे डायअमीन म्हणून ५.४ ग्रॅम एथिलिनडायअमीन राखलेल्या पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घालावे. ही मात्रा उरलेल्या आयसोसायनेटच्या ९० टक्क्यांना पुरते. दाट डायअमीन एकदम ओतल्यास ते जेथे पडते तेथेच विक्रिया होऊन खरखरीत कण बनतात. जास्त झाल्यास मोकळे अमीन उरते व पटल पिवळे पडते.

बिघाड. सर्वांत घातक शत्रू ग्लायकॉलमधील ओलावा. १ ग्रॅम पाणी १२.३ ग्रॅम डायआयसोसायनेट खाते. वरील २०० ग्रॅम ग्लायकॉलमध्ये ०.१ टक्का पाणी असले तरी शृंखलावाढीसाठी राखलेल्या आयसोसायनेटपैकी सुमारे ११ टक्के नष्ट होते. म्हणून ग्लायकॉल १०० ते ११० अंशांवर निर्वातात तासभर तरी वाळवतात. उदासिनीकरण अपुरे राहिले तर कण मोठे होऊन तळाशी बसतात.

वापर. पाणी उडाले की कण एकजीव होऊन पटल बनते. किमान पटलनिर्मिती तापमानाखाली पटलाला तडे जातात किंवा ते भुकटीसारखे होते. कार्बॉक्सिल गट पटलातच उरत असल्याने ओलाव्याची बाधा होते. त्यावर कार्बोडायइमाइड किंवा जलस्नेही पॉलिआयसोसायनेट मिसळून शृंखलांना एकमेकींशी बांधणारे जोडबंध तयार करतात. पॉलिआयसोसायनेट मिसळलेला द्रव काही तासांनी निकामी होतो. पण तो दाट होईलच असे नाही, म्हणून मिश्रणाची वेळ टिपून ठेवावी लागते. कार्बॉक्सिलयुक्त डिस्पर्शनात अम्ल किंवा कॅल्शियमयुक्त कठीण पाणी पडल्यास साका होतो. गोठलेले डिस्पर्शन बहुधा पूर्ववत होत नाही. साठवण ५ अंशांच्या वर ठेवतात.