नागरिकशास्त्र निरुपद्रवी? कधीच नव्हतं

भांडणं होतात ती इतिहासाच्या पुस्तकावरून. नागरिकशास्त्र बिचारं परीक्षेपुरतं, राजकारण त्यात अलीकडेच घुसलं, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर हा विषय राष्ट्रवादाच्याच मांडीवर वाढला.

फ्रान्सचंच बघा. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाकडून सपाटून मार खाल्ल्यावर १८८२च्या कायद्याने शाळेत धर्मशिक्षणाऐवजी ‘नैतिक आणि नागरी शिक्षण’ आणलं. त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात मुलग्यांना लष्करी कवायत, मुलींना शिवणकाम! पुढे शाळकरी पोरांच्या पलटणी लाकडी बंदुका खांद्यावर टाकून संचलन करू लागल्या. नागरिक घडवायचा म्हणजे सैनिक घडवायचा, इतका सरळ हिशेब.

आता हात जरा सफाईचा झालाय. जपानने १९४७चा मूलभूत शिक्षण कायदा २००६मध्ये बदलून देशप्रेमाला शिक्षणाच्या उद्दिष्टांत बसवलं. पुस्तकात खोटं लिहायची गरजच नसते. कर्तव्यांचा धडा लांबवला आणि हक्कांचा आखडला की भागतं.

पण राष्ट्रवादाची लाट आली की शाळा वाहूनच जाते, हेही खरं नाही. विद्यार्थ्यांवर झेंड्याला सलामीची सक्ती करता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं, ते १९४३मध्ये, ऐन महायुद्धात.