नागीण

नागीण हा व्हॅरिसेला-झोस्टर विषाणूमुळे होणारा मज्जातंतूंचा आणि त्वचेचा विकार आहे. वैद्यकात त्याला हर्पीस झोस्टर म्हणतात. कांजिण्याही याच विषाणूमुळे होतात. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत आणि डोक्यात संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत तो कित्येक दशके निपचित पडून राहतो. वाढते वय, एचआयव्ही, कर्करोगावरची केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळे प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत पोचतो. म्हणजे नागीण दुसऱ्याकडून लागत नाही, ती स्वतःच्याच जुन्या कांजिण्यांमधून उद्भवते.

सुरुवात बहुधा वेदनेने होते. शरीराच्या एका बाजूच्या पट्ट्यात जळजळ, टोचणी किंवा मुंग्या जाणवतात आणि कपडा लागला तरी सहन होत नाही. पुरळ त्यानंतर १ ते ५ दिवसांनी उठते. मधल्या काळात निदान अनेकदा चुकते. दुखणे छातीत असेल तर हृदयविकाराचा, पोटात असेल तर पित्ताशयाचा किंवा मूतखड्याचा संशय येतो. मग लाल चट्ट्यांवर पाणी भरलेल्या फोडांचे झुबके दिसू लागतात. नवे फोड ३ ते ५ दिवस येत राहतात, ७ ते १० दिवसांत त्यांवर खपली धरते आणि त्वचा पूर्ववत व्हायला २ ते ४ आठवडे लागतात. पट्टा सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही, कारण डाव्या-उजव्या बाजूंचे मज्जातंतू वेगळे असतात. पट्ट्याची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांत मात्र फोड अंगभर पसरू शकतात आणि तेव्हा रुग्णालयात शिरेतून औषध द्यावे लागते.

उपचारात महत्त्व वेळेला आहे. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू व्हायला हवे. नवे फोड येतच असतील किंवा डोळ्याला धोका असेल तर त्यानंतरही ते देतात. प्रौढांना असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम ३ वेळा, साधारण ७ दिवस दिले जाते. पाच वेळांपैकी एखादी चुकतेच, म्हणून वृद्धांसाठी व्हॅलासायक्लोव्हिर सोयीचे. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मात्रा कमी करावीच लागते, नाहीतर औषध शरीरात साठून रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो. विषाणुरोधक मलम फोडांवर चोळून उपयोग होत नाही. फोड फोडू नयेत, साध्या पाण्याने धुऊन कोरडे ठेवावेत आणि सैल कपड्याने झाकावेत. फोडांतल्या द्रवाच्या संपर्कातून कांजिण्या न झालेल्या व्यक्तीला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत अशा गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांच्यापासून दूर राहावे.

सर्वांत त्रासदायक गुंतागुंत म्हणजे नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना. पुरळ जाऊनही दुखणे ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकले तर तिला हे नाव देतात. वय जितके जास्त तितका तिचा धोका मोठा. साध्या वेदनाशामकांना ती फारशी दाद देत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे किंवा त्वचेवर चिकटवायच्या लिडोकेनच्या पट्ट्या वापराव्या लागतात.

कपाळावर उठलेली नागीण कधीही अंगावर काढू नये. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला इजा होण्याची शक्यता बरीच वाढते, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. अशा रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. कानात फोड येऊन त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला तर तो रॅमसे हंट सिंड्रोम असतो. त्यात ऐकूही कमी येऊ शकते.

प्रतिबंधासाठी शिंग्रिक्स ही लस आहे. अमेरिकेत तिला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात जिवंत विषाणू नसून त्याचे एक प्रथिन असते, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ती देता येते. ५० वर्षांवरील व्यक्तींना दंडाच्या स्नायूत २ मात्रा, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने देतात. चाचण्यांमध्ये तिची परिणामकारकता ९० टक्क्यांहून अधिक आढळली. दंड दुखणे, थकवा, ताप हे त्रास दोन-तीन दिवस होतात आणि त्यांना घाबरून अनेकजण दुसरी मात्रा टाळतात. तसे करू नये, एका मात्रेचे संरक्षण अपुरे पडते. पूर्वी नागीण झालेल्यांनीही लस घ्यावी, पण चालू आजार ओसरल्यावर. उठलेल्या नागिणीवर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही.